मधल्या पेटीचं तेल

३ ऑक्टोबर

हे पत्र गाडीबद्दल आहे. दुसऱ्या कशाबद्दलही नाही, म्हणून निर्धास्तपणे शेवटपर्यंत वाचा.

जीप अजून माझ्याकडेच आहे. सहा वर्षं इथल्या डोंगरांवर गुरं तपासत फिरते आहे, तिनं मला एकदाही वाटेत सोडलेलं नाही. गेल्या महिन्यात मात्र इथल्या गॅरेजवाल्यानं तिची सगळी तेलं बदलली. इंजिनाचं, गिअरबॉक्सचं, पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं आणि मधल्या पेटीचं. ट्रान्सफर केस हा शब्द इथे सगळे वापरतात, माझ्या तोंडातून अजून मधली पेटीच येते. 'इंजिन रांधतं आणि ही पेटी चारही चाकांना वाढते', असं तुम्ही मला पहिल्यांदा गाडीखाली बोलावून सांगितलं होतंत.

तर वाढणारीच रुसली आहे. सकाळी गारठ्यात तिचा छोटा दांडा हलतच नाही. दोन्ही हातांनी ओढला तर फोर-व्हील कसंबसं लागतं, पण चढाचा जड गिअर लागत नाही. नुसतं करकरतं. वेग घेतला की खालून घुंई असा आवाज येतो, आणि तासाभरानं पेटीला हात लावला तर चटका बसतो. गॅरेजवाला माणूस वाईट नाही. त्यानं डॅशबोर्डातलं कंपनीचं पुस्तक काढून माझ्यासमोर उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, इथे लिहिलंय तेच घातलंय. गिअर ऑइल, नव्वद नंबर. आता गाडीचं वय झालं त्याला मी काय करू?"

माझ्या धंद्यात जनावराचं पोट बिघडलं की आधी विचारतात, काय खाल्लं. त्यामुळे मला तेलाचाच संशय आहे. आणि मला अंधुक आठवतं की शेवटच्या दिवसांत ही पेटी खाली काढून तुमच्या कारखान्यातल्या बाकावर ठेवलेली होती. तिच्यात तुम्ही काही बदल केला होता का? केला असेल तर ते पुस्तकात कुठून असणार?

घाई एवढ्यासाठी की वीस तारखेला लाळ्या-खुरकुताची लस येते आहे. वरच्या कुरणांवर साडेतीनशे जनावरं आहेत आणि खालच्या पट्ट्यात रोग दिसायला लागला आहे. लस बर्फाच्या पेटीत दोन दिवस टिकते, फार तर अडीच. आणि महिनाअखेर खिंड बंद होते ती एप्रिलपर्यंत. त्या वाटेवर जड गिअरशिवाय कुणी गेलेलं नाही.

इथल्या दुकानात तीन तेलं मिळतात. नव्वद नंबरचं जाड, त्याहून पातळ असं एक सिंथेटिक, आणि तिसरं लाल, जे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आणि पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात. सोबतच्या कार्डावर तिन्ही नावं लिहिली आहेत. पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. उत्तर लिहिणं जड जात असेल तर बरोबर असेल त्यावर नुसती खूण करा आणि टाका.

तुमचा फोन नंबर माझ्याकडे राहिलेला नाही, म्हणून हे पत्र.

जीपवाली


११ ऑक्टोबर

कार्ड परत आलं नाही, पाकीट आलं. आत तुमच्या सुट्या भागांच्या यादीचा कागद, त्याच्या पाठीवर सात ओळी. ना मायना ना सही, पण अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. अजून पेन्सिलीनंच लिहिता आणि अजून इतकी दाबून की कागदाला मागून उठाव येतो.

'खूण करणार नाही. मी दोन जीपना पेट्या बदलून बसवल्या होत्या, तुझीला कुठली ते खात्रीनं आठवत नाही. माझ्या आठवणीवर तेल भरू नकोस. दुकानदाराच्या सांगण्यावर नको, रंगावर नको, पुस्तकावरही नको. पेटीच्या मागच्या अंगाला, वरच्या बोल्टात पत्र्याची पट्टी अडकवलेली आहे. ती साफ करून वाच. तोवर गाडी चालवू नकोस.'

हे वाचून मी आधी चिडले. विचारलं एक, मिळालं काम. मग लक्षात आलं की तुम्ही दुसरं काही लिहूच शकला नसता. 'असेल बहुतेक' हे दोन शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाहीत.

रविवारी दुपारी अंगणात ताडपत्री अंथरून गाडीखाली शिरले. आमच्या दवाखान्यातले परिचर, तात्या म्हणतात त्यांना सगळे, चाकांना दगड लावून बाहेर उभे. गुरं धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण गाडीची त्यांना भीती वाटते. "मॅडम, पाय हलवत राहा," म्हणाले, "म्हणजे मला कळेल तुम्ही आहात."

सहा वर्षांचा चिखल होता, वाळून विटेसारखा झालेला. गुरांची खुरं तासायच्या चाकूनं तो खरवडला, हो, त्याच, तो जवळ होता. मग रॉकेलचा बोळा फिरवला. पट्टी सापडली. नखाएवढी अक्षरं, एकेक ठोकून काढलेली. पेटीचा नंबर. खाली 'साखळीची'. त्याखाली 'लाल तेल, ए.टी.एफ., पावणेदोन लिटर'. आणि सगळ्यांत खाली तारीख.

तेल कुठलं ते कळलं. पत्र इथेच संपवायला हवं होतं. पण त्या तारखेनं मला गाडीखालीच खिळवून ठेवलं. तात्या दोनदा ओरडले, तेव्हा पाय हलवले.

नऊ मार्च.

आपल्या घरातली ती बैठक तेवीस मार्चला झाली. मोठी माणसं गोल बसली होती, तुमच्या मुलानं सगळ्यांसमोर सांगितलं, 'डोंगरातली नोकरी किंवा हे घर, दोन्ही मिळणार नाहीत.' मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही जमिनीकडे पाहत होतात. एक शब्द बोलला नाहीत. चार दिवसांनी मी सामान बांधलं तेव्हा बाहेर येऊन जीपची किल्ली माझ्या हातात दिलीत आणि आत निघून गेलात. मी सहा वर्षं हेच धरून बसले आहे की म्हाताऱ्यानं गाडी देऊन सुनेला वाटेला लावलं आणि हात झटकले. हे मी लोकांनाही सांगितलं आहे, लपवत नाही.

मग नऊ मार्च कुठून आला?

माझं नेमणुकीचं पत्र दोन मार्चला आलं होतं. मी ते आधी कुणालाच दाखवलं नव्हतं, फक्त तुम्हाला. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून वाचलंत, 'हं' म्हणालात आणि कारखान्यात गेलात. त्यानंतरचे सगळे दिवस तुम्ही जीपखालीच होता. घरात आवाज चढले की तुम्ही पाना उचलायचात. मला वाटायचं, पळताय.

लाल तेल आणायला तात्या गेले आहेत. तुमच्या सूचना असतील तर लगेच कळवा.


१७ ऑक्टोबर

तेल बदललं. आता सगळं सविस्तर सांगते, कारण तुम्ही 'झालं' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यातले नाही.

डबा हातात घेऊन गॅरेजमध्ये गेले तर गॅरेजवाला हसला. "हे? अहो, हे पाण्यासारखं आहे. गिअरवर टिकणारच नाही. आठ दिवसांत पेटी खाऊन टाकेल." मी तुमचं दुसरं पत्र काढलं आणि त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं. 'पुस्तकातली पेटी गिअरांची होती, तिला जाड तेल बरोबर. ही साखळीची आहे. आत छोटा पंप आहे, तो बारीक नळीतून तेल ओढून वरच्या बेअरिंगांना पाजतो. थंडीत जाड तेल त्या नळीतून चढतच नाही. खाली तेल भरपूर, वरचे भाग कोरडे. म्हणून आवाज, म्हणून चटका. जाड तेल वाईट नाही, डिफरन्शियलमध्ये तेच घाल. फक्त इथे नको.'

तो हसायचा थांबला. पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. "कोण आहेत हे?" म्हणाला.

बाबा, मी काय सांगितलं असेल? 'माझे सासरे' म्हणता येत नाही. 'माझे पूर्वीचे सासरे' म्हटलं की माणसं डोळे बारीक करतात. मी म्हटलं, "यांनी मला गाडी शिकवली."

आणि हो, वर बाबा लिहिलं गेलं. खोडत नाही.

तुम्ही बजावलं होतंत तसं आधी वरचं बूच उघडायला लावलं. त्याला ते पटेना. "तेल खालून निघतं, मॅडम." मी म्हटलं, खालचं रिकामं केलं आणि वरचं उघडलंच नाही तर भरणार कुठून? तसंच झालं, वरचं बूच गंजून बसलेलं होतं, गेल्या खेपेला त्यानं तेल दुसऱ्याच वाटेनं कोंबलं होतं. अर्धा तास तापवून, ठोकून ते सुटलं. त्यानं कान पकडले, अगदी खरोखरचे.

मग खालचं काढलं. तेल यायला मागेना. पडलं ते गोळ्या-गोळ्यांनी, काळपट, जळका वास. बुचाला चंदेरी लगदा चिकटलेला होता. बोटांत चोळून पाहिला. कचकच लागली नाही, तुकडे नव्हते. 'पीठ असेल तर वाचली, खडे असतील तर पेटी उघडावी लागेल' असं तुम्ही लिहिलं होतंत. पीठ होतं. मला तिथल्या तिथे रडू आलं, धूर डोळ्यांत गेल्याचं सांगितलं. गॅरेजमध्ये त्या वेळी कसलाच धूर नव्हता.

थोडं लाल तेल घालून, चाकं हवेत फिरवून धुऊन काढलं. दोनदा. तिसऱ्या वेळी पावणेदोन लिटर भरलं, वरच्या भोकातून बारीक धार बाहेर आली तेव्हा बूच लावलं. आत बसून दांडा ओढला. एका बोटानं गेला. टक्.

गॅरेजवाल्यानं त्याच्या भिंतीवर, गाड्यांच्या नंबरांच्या यादीत, माझ्या नंबरापुढे लाल खडूनं लिहून ठेवलं आहे: 'पट्टी वाचणे'.

आता एक कबुली. तुमचा नंबर माझ्याकडे नाही हे खोटं होतं. तो मला पाठ आहे. या सहा वर्षांत तीनदा फिरवला. तिसऱ्या वेळी तुम्ही उचललात, 'कोण?' म्हणालात, आणि मी ठेवून दिला. मागे लेथ मशीन चालू होतं, एवढं ऐकलं.

आणि एक प्रश्न. गाडीचा नाही. त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? पेटी बदलून तयार ठेवलेली होती, म्हणजे मी जावं असं तुम्हाला वाटत होतं. मग चारचौघांत एकदा म्हणायचं होतं की पोरीला जाऊ द्या. एकदाच.

हे पोचताच उत्तर टाकलंत तरी लस येण्याआधी मला मिळणार नाही. मी वर जाऊन येते.


२६ ऑक्टोबर

खाली उतरले तेव्हा तुमचं पत्र दवाखान्याच्या दाराखाली पडलेलं होतं. ते हातात घेऊन आधी आंघोळ केली, चहा केला, दोन बिस्किटं खाल्ली. इतकी भित्री मी गुरांपुढे नसते.

आधी वरचं सांगते.

एकवीसला सकाळी निघालो. मी, तात्या आणि मागे लशीच्या तीन पेट्या, पोत्यांत गुंडाळलेल्या. पहिले बारा किलोमीटर सरळ. मग रस्ता संपतो आणि दगड सुरू होतात. ओढ्यापाशी दोन दिवसांपूर्वी दरड आली होती, वाट निम्मी खचलेली. एका बाजूला भिंत, दुसरीकडे काही नाही. तात्या उतरून पुढे चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं काही माहीत नाही, मी चालत येतो."

छोटा दांडा मागे ओढला. टक् झालं. जीपनं चालायच्या वेगानं तो चढ घेतला, एकदाही घसरली नाही, एकदाही हुंदका दिला नाही. मध्ये एका ठिकाणी मी थांबून क्लच सोडला, मुद्दाम, ती धरते का पाहायला. धरली. वर पोचल्यावर पेटीला तळहात लावला. कोमट. नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या अंगासारखी.

दीड दिवसात तीनशे सेहेचाळीस टोचली. वरच्या गुराख्यांची एक बाई आहे, सत्तरीची, तिची अकरा जनावरं सहा वर्षांपूर्वी याच रोगानं गेली होती, मी इथे रुजू व्हायच्या आधी. ती दिवसभर माझ्या मागे सुया मोजत चालली. शेवटच्या वासराला टोचल्यावर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुला इथे कुणी पाठवलं गं बाई, त्याचं भलं होवो."

मी म्हटलं, पोचवते निरोप. तर हा पोचवला.

आता तुमचं पत्र. तीनच ओळी, आणि ह्या वेळी पेन्सिल दोन ठिकाणी कागदातून आरपार गेली आहे.

'मी बोललो असतो तर त्यानं ऐकलं असतं. तो माझं ऐकतो. त्यानं तोंडदेखलं हो म्हटलं असतं आणि तू राहिली असतीस, एक वर्ष, मग दुसरं. म्हणून बोललो नाही.'

मी हे किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

खरं आहे, बाबा. मी राहिले असते. मी तेव्हा कुणीतरी 'राहा' म्हणायचीच वाट पाहत होते. नेमणुकीचं पत्र मी तुम्हाला दाखवलं ते तुम्ही 'नको जाऊ' म्हणावं म्हणून. म्हणजे मला सोपं झालं असतं. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे, स्वतःलासुद्धा.

मी तुमची ऋणी आहे. हे वाक्य कोरडं वाटत असेल, पण दुसरं सुचत नाही. जीपसाठी आहेच. न बोलण्यासाठी जास्त. ज्या गप्प बसण्यावर मी सहा वर्षं डूख धरून होते, त्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. ही नोकरी, तात्या, ती सुया मोजणारी बाई, आज संध्याकाळी दवाखान्याबाहेर माझ्यासाठी दूध ठेवून गेलेलं कुणीतरी.

पण एक भांडणही आहे, तेही ऐकून घ्या. मला विचारायचं होतंत. दोघं बसून बोललो असतो तर कदाचित मी स्वतःच निघाले असते, आणि मग सहा वर्षं तुम्हाला एकट्याला दोन्हीकडून तोंड फिरवलेली माणसं बघावी लागली नसती. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. त्याला वाटलं तुम्ही माझ्या बाजूचे, म्हणून जीप दिलीत. मला वाटलं त्याच्या बाजूचे. त्याला मुलगी झाल्याचं कानावर आलं. आनंद वाटला, खरंच. तिला घेऊन तो तुमच्याकडे येत असेल, अशी आशा आहे. येत नसेल तर तुम्ही जा. पाना खाली ठेवा आणि जा.

एप्रिलमध्ये खिंड उघडते. इथे या. पेटीचा आवाज तुमच्या कानांनी एकदा ऐकायला हवा, असं गॅरेजवाल्याचं म्हणणं आहे. माझं म्हणणं एवढंच, की या.


३ मे

काल तुमची बस वळणाआड गेली आणि मी घरी येऊन लिहायला बसले. आपल्याला समोरासमोर बोलता येत नाही, हे पाच दिवसांत दोघांनाही पुन्हा कळलं. तुम्ही माझ्या स्वयंपाकघराचा गळका नळ दुरुस्त केलात, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलंत, दवाखान्याचा तराजू समतोल केलात. मी तुम्हाला चहा देत राहिले. नातीचा फोटो खिशातून काढून दाखवलात आणि 'नाक त्याचं आहे' म्हणालात. मी म्हटलं, 'नशीब, कान तुमचे आहेत.' तुम्ही इतकं हसलात की ठसका लागला.

गॅरेजवाल्यानं तुमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. तुम्ही तिच्यावर बसला नाहीत, सरळ जीपखाली गेलात, आणि बाहेर येऊन त्याला एवढंच म्हणालात, "बूच छान बसवलंय." तो दोन दिवस हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

मला लिहायचं आहे ते वरच्या प्रवासाचं, कारण तुम्हाला ते माहीतच नाही.

तुम्ही दुसऱ्याच्या शेजारी बसून कधी सुखानं प्रवास केलेला नाही. मला शिकवत होतात तेव्हा तुमचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. लग्नाला निघालेल्या भाड्याच्या गाडीतसुद्धा तुम्ही ड्रायव्हरला तीनदा थांबवून खाली वाकून पाहिलं होतंत. त्यामुळे त्या सकाळी मी तयारीत होते. तुम्ही दाराचा दांडा धरलात, मान तिरकी करून ऐकायला लागलात. पहिलं वळण, दुसरं वळण. ओढा आला. मी छोटा दांडा मागे घेतला आणि तुम्ही काय म्हणता याची वाट पाहिली.

काही म्हणाला नाहीत. वळून पाहिलं तर तुमची मान माझ्या खांद्याकडे कललेली होती आणि तोंड थोडं उघडं.

मागून तात्या कुजबुजले, "बाबा झोपले."

मी जन्मात इतकी हळू गाडी चालवली नसेन. ज्या दगडांवरून मी एरवी सरळ जाते त्यांना वळसा घातला. एक म्हैस वाटेत उभी होती, तिला हॉर्न दिला नाही, तिच्या मर्जीनं बाजूला होईपर्यंत थांबले. तासभर तुम्ही झोपलात, बाबा. खालून पेटीचा नुसता सळसळता आवाज येत होता. तो ऐकायला तुम्ही एवढ्या लांब आला होता आणि तुम्ही तो ऐकलाच नाहीत. माझ्या ड्रायव्हिंगचं इतकं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

वर कुरणावर पोचलो, मी इंजिन बंद केलं. त्या शांततेनं तुम्ही दचकून जागे झालात, पाय ब्रेक शोधायला लागला.

"काय झालं? बंद का पडली?"

"बंद नाही पडली, बाबा," मी म्हटलं. "पोचलो आपण."